सटवोजीची काठवट

या मंडळी, पुढे सरकून बसा. आज जागेला तोटा नाही! अक्षय्य तृतीया आहे ना! सगळं गाव शेजारच्या सराफकट्ट्यावर रांगेत उभं, आणि इथे मारुतीच्या देवळात मी, मारुतराय आणि तुम्ही बावीस जण. त्यातले एक पेटीवाले नारबा, एक तबलजी. म्हणजे वीस. आणि ते कोपऱ्यातले आजोबा पंखा आहे म्हणून बसलेत. असू द्या, असू द्या! देव पंख्याच्या निमित्तानेही भेटतो.

तर मंडळी, ऐका. पूर्वरंगात मी अर्धा तास वैराग्यावर बोललो. तुम्ही माना डोलावल्यात. दोघांनी जांभया दिल्या, त्या मी मोजल्या. आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. सरळ प्रश्न आहे, उत्तर देऊ नका, नुसता मनात धरा. ज्या गोष्टीची माणसाला लाज वाटते, तीच गोष्ट वेळेला त्याला तारते. असं का? आणि तारून झाल्यावरही त्याची लाज जात नाही! हे का?

काय नारबा? येतं का उत्तर? नाही ना! मलाही येत नाही. म्हणून तर आख्यान लावलंय.

आज पुराणातला राजा नाही, राक्षस नाही. आज आमच्या घराण्याचा एक मूर्ख सांगतो. हो, हसा! आमच्या घराण्यात मूर्खांची वाण कधीच नव्हती, त्यातला हा सगळ्यात जुना. माझा खापरपणजोबा, सटवोजी. दीड शतकावर काळ लोटला. गोष्ट आजीकडून आली, आजीला तिच्या सासूकडून. प्रत्येकीने चिमूटभर मीठ घातलं, मी मूठभर घालतो. खरंखोटं देव जाणे.

हा सटवोजी राहायचा कुठे? इथेच! याच पेठेत. धंदा काय? झारेकरी. पोरांनो, तुम्हाला ठाऊक नसेल, सांगतो. सोनार कानस मारतो, सोन्याचा कीस उडतो. बघितलं तर दिसत नाही, पण चटईखाली जातो, शेगडीच्या राखेत जातो, हात धुतला की मोरीत जातो. वर्षातून एकदा झारेकरी यायचा. कुंच्याने दुकान झाडायचा, राख भरायचा, मोरीचा गाळ उपसायचा, आणि ते सगळं लाकडी काठवटीत घालून पाण्यात हेलकावायचा. अस्सं... अस्सं! माती हलकी, ती पाण्याबरोबर जाते. सोनं जड, ते तळाला बसतं. कीर्तनाचं उलटं आहे हो! इथे जड असतं ते आधी उठून घरी जातं.

सटवोजीच्या बापाने त्याला दोन नियम शिकवले होते. एक, धुतलेलं पाणी फेकायचं नाही. निवळू द्यायचं आणि पुन्हा वापरायचं. धर्म म्हणून नव्हे बरं का! गाळात सोनं राहतं म्हणून. दुसरा, झाडलेली जागा सारवून द्यायची. ते तरी पुण्य म्हणून का? छे! नाहीतर पुढच्या वर्षी सोनार दारात उभा करील का? आमच्या घराण्यात पुण्य नेहमी असंच मागल्या दाराने आलेलं आहे.

पण सटवोजीला या धंद्याची लाज! पेठेतली माणसं त्याला नावाने हाक मारत नसत. "ए धुळ्या!" म्हणत. अंगाला राख, नखात गाळ, आणि दिवसभर वाकलेला. उभा राहिला तरी वाकलेलाच दिसायचा. सोनं रोज हातात, आणि स्वतः मात्र केराचा धनी!

अशात एक दिवस घाटाखालून बातमी आली. साहेबाच्या मुलखाच्या पलीकडे, समुद्रापार, ऑस्ट्रेलिया म्हणून देश आहे. तिथे सोनं निघालंय! नदीत निघतंय, डोंगरात निघतंय. वकील वकिली टाकून निघालेत, मास्तर शाळा टाकून निघालेत, जहाजं बंदराला लागली की खलाशी जहाज टाकून पळताहेत. आणि मंडळी, ही बातमी खोटी नव्हती. त्याच्या आधी दोन वर्षं अमेरिकेत कॅलिफोर्नियात हेच झालं होतं. पुढे आफ्रिकेत झालं, थेट बर्फातल्या मुलखातही झालं. त्या शतकाला सोन्याची नुसती खरूज झाली होती! एकाने खाजवलं की दुसऱ्याला सुटायची.

सटवोजीने मारुतीसमोर, अहो याच मारुतीसमोर, नारळ फोडला आणि शपथ घेतली. "देवा, खणलेलं सोनं घेऊन येईन. झाडलेलं न्हाई! पुन्यांदा या पेठंत कुंचा धरला तर नावाचा सटवोजी न्हाई."

लोक म्हणाले, "समुद्र ओलांडलास तर जात बुडंल!"

हा म्हणाला, "बुडू द्या की! माझी बुडाली तर मी पेढं वाटीन."

बायको होती चिमाबाई. तिने काही शपथ-बिपथ घेतली नाही. तिने सासऱ्याची काठवट फडक्यात बांधली आणि त्याच्या गाठोड्यात घातली.

"ही कशाला? सोन्याच्या डोंगरावर निघालोय मी!"

"भाकरी थापाया," चिमाबाई म्हणाली.

"तिथं मी भाकरी थापू?"

"मग डोक्याखाली घ्या. पर न्या. कधी येनार?"

"तीन शिमग्यांच्या आत."

"सोनं आना न आना, मानूस घेऊन या."

ऐकलंत? सोनं आणा न आणा! आज सकाळी किती घरांत असं बोलणं झालं, हात वर करा बरं! ... राहू द्या, राहू द्या. खांदे दुखत असतील.

तर सटवोजी मुंबईला गेला, जहाजावरच्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हातापाया पडला, खलाशी झाला. कधी होडीत बसला नव्हता! दोन महिने ओकत गेला. मेलबर्न बंदर आलं आणि अर्धं जहाज रातोरात पळालं. आमचा सटवोजी त्या पळणाऱ्यांतही शेवटचा, कारण काठवट कंबरेला बांधलेली आणि ती ढोपरावर आपटायची.

पोचला खाणीवर. खाण कसली! एक ओढा होता, दोन्ही बाजूंना झाडी तोडून बोडके केलेले डोंगर, आणि जिकडे पाहावं तिकडे खड्डे. हजारो खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यातून एकेक टोपी वर आलेली. सटवोजीने बाकीच्यांचं पाहिलं आणि आपणही ओढ्याला लागून एक खड्डा धरला.

आता इथे थांबा मंडळी. जरा विचार करा. त्या अख्ख्या मुलखात सोनं मातीतून वेगळं काढायची विद्या पिढीजात कुणाच्या बोटांत होती? एकट्या याच्या! बाकीचे कोण? कुणी न्हावी, कुणी कारकून, कुणी पाव भाजणारा. ते पत्र्याच्या पराती घेऊन ओढ्यात हेलकावे देत होते, आणि अर्धं सोनं पाण्याबरोबर सोडून देत होते. सटवोजीला ते दिसायचं! काठावर उभा राहून त्याचे हात शिवशिवायचे. "आरं, हळू! उजवीकडं कलती कर!" हे अगदी ओठावर यायचं. पण बोलला नाही. का? बोलला असता तर कळलं असतं ना की हा झारेकरी आहे!

त्याने सांगून काय ठेवलं होतं? शेजारच्या खड्ड्यात एक चिनी माणूस होता, लिऊ नावाचा. सटवोजी त्याला लिवबा म्हणायचा. त्याला खाणाखुणांनी सांगितलं, "मी? मी मोठा सोनार! दागिने घडवतो. राजाचे!" लिवबानेही खुणेने सांगितलं की आपण मोठ्या दुकानदाराचे चिरंजीव. झालं! दोन मोठी माणसं शेजारशेजारच्या खड्ड्यांत चिखल उपसायला लागली.

आणि काठवट? काठवट उशाला! धुवायला हातात पत्र्याची परात, तीही मुद्दाम इतरांसारखीच अडाणीपणे हलवायची. आठ महिने! सोनं धुवायची दुनियेतली उत्तम वस्तू डोक्याखाली घेऊन हा माणूस सोन्याची स्वप्नं बघत होता. कधीमधी तिच्यात पीठ मळायचा. चिमाबाईचं म्हणणं खरं केलं म्हणायचं!

हसताय? हसा. मीही हसायचो, आजी सांगायची तेव्हा. मग माझी पाळी आली. तिशीत असताना मला वाटलं, गावोगाव काय हे कीर्तन! टीव्हीवर नारद व्हावं. सहा महिने मुंबईत फेऱ्या मारल्या. शेवटी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, केशतेलाच्या जाहिरातीत! मागच्या गर्दीत, टाळ हातात. आणि टाळ चुकीचा धरलाय हे दिग्दर्शकाने मला शिकवलं! तेव्हा खड्ड्याला हसायचं असेल तर आधी आपला बघायचा.

बरं, पुढे. एक दिवस सटवोजी छातीइतका खोल खड्ड्यात होता, आणि वर एक म्हातारी येऊन उभी राहिली. त्याच मुलखातली, साहेब येण्याच्या आधीपासूनची, सावळी, पांढऱ्या केसांची. हातात गवताची विणलेली लांबट टोपली. ती टोपली सटवोजीने ओळखली. आपल्याकडे नदीत मासे धरायला लावतात तसलीच. ओढ्यात वाम मासे यायचे त्या दिवसांत, आणि तिची टोपली लावायची जागा नेमकी सटवोजीच्या खड्ड्यात गेलेली!

तिने खड्ड्यात वाकून पाहिलं. हाताने विचारलं, आत काय आहे?

सटवोजीने दोन्ही हात रिकामे करून दाखवले. काही नाही.

म्हातारी हसली! खो खो हसली. मग ओढ्याकडे बोट केलं. ओढ्यात पाणी नव्हतंच, पिवळा राडा वाहत होता. टोपली उलटी धरून तिने झटकली. रिकामी. आणि ती निघून गेली.

सटवोजी खड्ड्यात उभाच राहिला. त्याला धुळ्या म्हणणारे पुष्कळ भेटले होते, पण त्याच्यामुळे कुणाची टोपली रिकामी राहिली, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं. केर धुऊन पोट भरणारा माणूस तो! कुणाच्या ताटातलं कधी घेतलं नव्हतं. आणि आज घेतलं होतं, मिळालं मात्र काहीच नव्हतं. अशी चोरी चोराने तरी कधी केली असेल का हो?

पाप लगेच फळलं. ज्या ओढ्यात सगळ्यांनी माती कालवली, तोच ओढा सगळे प्यायचे. वस्तीत हगवण पसरली. सटवोजी अंथरुणाला लागला. लिवबाने त्याला तांदळाची पेज पाजली, पंधरा दिवस. पाण्याची दोन मडकी रोज वरच्या झऱ्यावरून आणायचा, कोसभर चालून.

आणि त्याच सुमारास हाकाटी झाली. वीस कोसांवर नवं सोनं निघालं! मंडळी, एका दिवसात वस्ती रिकामी! भाकरी तव्यावर टाकून माणसं पळाली. राहिले कोण? ज्याला उठता येत नव्हतं तो सटवोजी, आणि त्याला सोडून ज्याला जाववत नव्हतं तो लिवबा.

डॉयलबाईही निघाली. ही कोण? खाणीवर सोनं विकत घेणारी विधवा बाई. तिचा मोठा तंबू होता, आत मेजावर तराजू. खणणारे यायचे, बरेचसे पिऊन यायचे, आणि चामड्याच्या पिशवीतून सोन्याची पूड तराजूत ओतायचे. थोडी तराजूत, थोडी मेजावर, थोडी खाली. बाईने तंबू गुंडाळला, गाडीत टाकला. आणि जमिनीवर उरला एक चौकोन! दोन वर्षं पायाखाली तुडवून टणक झालेली माती.

सटवोजी झोपल्याजागेवरून त्या चौकोनाकडे बघत होता. एक घटका बघितलं. दोन घटका बघितलं. काय चाललं असेल त्याच्या मनात? एकीकडे मारुतीसमोरची शपथ: झाडलेलं न्हाई! दुसरीकडे अंगात उठायचं बळ नाही, गाठीला काही नाही, आणि इथेच मेलो तर चिमाला सांगणार कोण? मानूस घेऊन या म्हणाली होती. माणूस तर असा पडलेला!

तो उठला. रांगत गेला गाडीपर्यंत.

"बाई, ही माती... मी घेऊ?"

डॉयलबाईने कपाळाला हात लावला. "तापात आहेस तू! घे बाबा. अख्खी पृथ्वी घे!" आणि गाडी हाकली.

मग सटवोजीने लिवबाला जवळ बसवलं. डोक्याखालची काठवट काढून मांडीवर घेतली आणि खाली मान घालून म्हणाला, "लिवबा, मी सोनार न्हाई रं. मी सोनाराचा केर धुनारा."

खुणेने सांगितलं सगळं. कुंचा, राख, मोरी. तर लिवबाने दोन्ही हात काखेत घेऊन पंख फडफडवले. क्वॅक क्वॅक! दुकानदाराचे चिरंजीव बदकं राखायचे! दोघं मोठी माणसं त्या ओसाड माळावर अशी हसली, अशी हसली, की सटवोजीचं उरलंसुरलं दुखणं तिथेच पळालं म्हणतात. हे मीठ कुठल्या आजीचं, ते विचारू नका.

चार बोटं जाडीची माती खरवडली. झऱ्याचं पाणी आणलं. दोन पिंपांत ते निवळत ठेवायचं, पुन्हा वापरायचं, थेंबही ओढ्यात सोडायचा नाही. बापाचा नियम! आणि काठवट फिरायला लागली. अस्सं... अस्सं! आठ महिने पीठ मळून मळून लाकूड कसं गुळगुळीत झालेलं! माती गेली, वाळू गेली, आणि तळाला, मंडळी, पिवळी रेघ! बारा दिवसांत दोघांच्या वाट्याला सुपारीएवढं सोनं आलं. एकेक सुपारी. डोंगर नव्हे. पण घरी पोचायला आणि वर थोडं उरायला पुरे.

आता लगेच निघायचं की नाही? मालाची शेवटची गाडी मेलबर्नला निघाली होती, जहाजही गाठता आलं असतं. पण हाताला सवय! दुसरा नियम! झाडलेली जागा सारवून द्यायची. त्याने डॉयलबाईचा चौकोन माती पसरून सारखा केला. आणि उभा राहिला तर समोर आपला खड्डा.

लिवबा हात ओढतोय, "चल!" गाडीवाला ओरडतोय. आणि हा फावडं घेऊन खड्ड्याकडे!

आजी म्हणायची, तिथे त्याला देव दिसला. मी म्हणतो, देव कसला! म्हातारीची रिकामी टोपली दिसली असेल. आणि डोक्यात बसलेलं की उघडी जागा टाकून गेलं तर पुढच्या वर्षी दारात कोण उभं करील? आता तिथे पुढच्या वर्षी कोण जाणार होतं? पण सवय विचार करते का? खड्डा बुजवायला अशक्त माणसाला नऊ दिवस लागले. गाडी गेली, जहाज गेलं. लिवबा नव्या खाणीकडे निघाला तेव्हा सटवोजीने काठवट त्याच्या हातात दिली. का? अहो, सगळ्या खाणी ओस पडणार होत्या आणि प्रत्येक ठिकाणी कुणाचा ना कुणाचा तंबू उठणार होता! लिवबाच्या सात पिढ्यांची सोय झाली.

सटवोजी चालत बंदरात आला. मिळेल ते ओझं उचललं. दुसरं जहाज मिळायला तीन वर्षं गेली. तीन शिमगे होऊन गेले, चौथा झाला. पाचव्याला हा घाट चढून पेठेत आला.

भर दुपार. सराफकट्ट्यावर एका दुकानात एक बाई वाकून झाडतेय. केस राखेने पांढरे, शेजारी सूप आणि घमेलं. हा दारात उभा राहिला.

"बाजूला व्हा! केरात पाय देऊ नगा!" वर न बघताच ती म्हणाली.

हा हलला नाही. तिने वर बघितलं. कुंचा खाली ठेवला. चार वर्षं नवऱ्याचा धंदा हिने ओढला होता, घर चालवलं होतं, आणि पेठेने तिलाही धुळीच म्हटलं असेल. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली काय?

"काठवट कुठाय?"

"दिली."

"दिली? सासऱ्याची काठवट दिली?" आणि मग मात्र रडायला लागली. आजी सांगायची, काठवटीसाठी रडली. मला काही ते पटत नाही.

सटवोजीने कमरेची गाठ सोडली. सुपारीएवढं सोनं तिच्या हातावर ठेवलं. चिमाबाईने ते बोटांनी चाचपलं. चार वर्षांत बोटं तयार झालेली. तिने विचारलं, "खनलेलं का झाडलेलं?"

मंडळी, आता बघा! पेठेत सगळे सोनार गोळा झालेत. सगळ्यांनी शपथ ऐकलेली. एक शब्द बोलला असता, खणलेलं, की आयुष्यभर मान ताठ! कोण जाणार होतं ऑस्ट्रेलियात तपासायला? सटवोजीने मान वर केली. खाली नव्हे, वर!

"झाडलेलं," म्हणाला.

चिमाबाईने सोनं पदरात बांधलं. "मग चालतंय. आपलंच हाय." आणि कुंचा त्याच्या हातात दिला.

संपलं आख्यान. थांबा, उठू नका! माझं राहिलंय.

माझी पुतणी मेलबर्नला असते. मागच्या वर्षी तिला म्हटलं, बाई, त्या बाजूला जाऊन ये. ती गेली. तिथे त्या सोन्यावर मोठाली शहरं उभी आहेत, दगडी बँका आहेत. आणि शहराबाहेर रानात खड्डे! अजून तसेच! कुंपणं घातलीत, पाट्या लावल्यात की जपून चाला, पडाल. कॅलिफोर्नियात नद्यांच्या गाळात, सोनं धरून ठेवायला ओतलेला त्या वेळचा पारा अजून आहे म्हणतात. आणि लांब कशाला, आपल्या कोलारला जा. खाण बंद पडली, करड्या मातीचे डोंगर उभेच. सोनं निघून गेलं, कुणाच्या गळ्यात, कुणाच्या तिजोरीत. खड्डा मात्र कुणी बरोबर नेला नाही.

मी पुतणीला विचारलं, "आपला खड्डा सापडला का गं?"

ती म्हणाली, "काका, बुजवलेला खड्डा सापडेल कसा?"

मी त्या दिवशी जेवलो नाही. तुम्ही म्हणाल, बुवा भावुक झाले. तसं नव्हे हो. तुमच्या हातातली पत्रिका बघा. काय छापलंय? ह. भ. प. श्रीधरबुवा सुवर्णे! हे सुवर्णे कोण? आमचं आडनाव झारेकरी! पंचवीस वर्षांपूर्वी मी बदललं. लाज वाटली. ज्याच्या केरावर पाच पिढ्या जेवल्या, त्याचं नाव पुसलं, आणि वैराग्यावर अर्धा तास बोलतो! सटवोजीने सगळ्या पेठेसमोर सांगितलं, झाडलेलं. मी कागदावर लिहायला भ्यायलो. सांगा आता, मोठा मूर्ख कोण?

तुमचं तुम्ही बघा. प्रत्येकाच्या उशाला एक काठवट आहे. आणि प्रत्येकाने कुठेतरी एक खड्डा पाडून ठेवलाय, कुणाच्या तरी टोपलीच्या जागेवर. ते मी सांगायचं नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

सराफ संघाचे अध्यक्ष मघाच आलेत, खिशात एक डबी आहे, मला दिसतेय. अंगठी असणार. सत्कार करणार म्हणे. करा! नको म्हणण्याएवढा मी संत नाही. पण नाव पुकाराल ना, तेव्हा झारेकरीबुवा म्हणा. आणि नारबा, आज आरतीचं ताट फिरवू नका. त्या खांबामागचा कुंचा आणा. हा मंडप मी झाडणार, सारवणार आणि मग घरी जाणार. पुढे बसलेल्या मंडळींनी उठताना आपापल्या बांगड्या, कानातली जपून न्या हो! खाली काही पडलं, तर ते माझं. हक्काचं आहे. झाडलेलं आहे.